कॉम्प्युटरवाल्यावर सोडू नकोस

पोरी, दाजींनी भोसरीचा कारखाना तुझ्या हाती दिल्यापासून मशिनं, माणसं, बँकेची लिमिट, गिऱ्हाइकांची ऑडिटं हे सगळं तू नीट सांभाळते आहेस. एकच खातं अजून दुसऱ्याच्या हवाली आहे. टॅली, ई-मेल, नेट बँकिंग यांच्या सुरक्षेचा विषय निघाला की तू म्हणतेस, "मामा, ते आमचा कॉम्प्युटरवाला बघतो." मुलगा चांगला आहे, कामाला प्रामाणिक आहे. पण तो महिन्यातून एखादी चक्कर मारतो, प्रिंटर सुरू करून देतो, अँटिव्हायरसची मुदत वाढवतो आणि जातो. कुणाच्या होकाराशिवाय पैसे जाऊ नयेत, कुठली फाइल कुणाला दिसावी, नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड कधी बंद व्हावा, हे त्याच्या हातात नाही. ते मालकानंच ठरवायचं असतं. मी जन्मभर कारखान्यांचे हिशेब लिहिले. त्यावरून सांगतो, सायबर चोराची वाट बहुतेक वेळा हिशेबखात्यातल्या ढिलाईतूनच जाते.

आपल्या एवढ्याशा कारखान्यात चोरण्यासारखं आहे काय, हे आधी मनातून काढून टाक. चोर तुझं नाव वाचून येत नाही. त्याचे प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवरचा एकेक पत्ता चाचपत असतात. जिथे फट सापडेल तिथे शिरायचं, मग तो दवाखाना असो की फाउंड्री. इंग्लंडमधल्या केएनपी लॉजिस्टिक्स या ट्रकवाहतुकीच्या कंपनीचं उदाहरण घे. तिची मूळ पेढी 'नाइट्स ऑफ ओल्ड' १८६५ सालची, ट्रक पाचशेच्या आसपास. २०२३ मध्ये एका कर्मचाऱ्याचा कच्चा पासवर्ड ओळखून टोळी आत शिरली, असं मानलं जातं. कामकाजाचा सगळा डेटा कुलूपबंद झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी मोडीत निघाली. सातशे माणसं घरी बसली. तिच्याकडे सायबर विमा होता, तरीही. विमा जरूर घे, पण त्याच्या भरवशावर बाकी काही सैल सोडू नकोस.

शिवाय तू कुणाची तरी व्हेंडर आहेस. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत २०१३ साली चोर शिरले ते तिच्या वातानुकूलनाचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या पासवर्डनं, आणि सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली. म्हणून तुझं मोठं गिऱ्हाईक हल्ली व्हेंडर ऑडिटमध्ये पासवर्डचे आणि बॅकअपचे प्रश्न घालतं. त्या फॉर्मवर कुणीतरी डोळे मिटून 'होय, होय' अशा खुणा करतं. यापुढे तो फॉर्म तू स्वतः भर.

आता पैशाचं, कारण सगळ्यात जास्त घात इथेच होतो. समज, आपल्या बार स्टॉकवाल्याकडून मेल येतो. 'आमच्या बँकेत ऑडिट चालू आहे, या वेळचे पैसे खालील खात्यावर पाठवावेत.' मेल नवा नसतो, तुमच्याच जुन्या पत्रव्यवहाराला आलेलं ते उत्तर असतं. खाली तीच सही, तोच लोगो, बिलाचा नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी वेगळा. पाठवणाऱ्याचा पत्ता निरखून पाहिलास तर इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेले दिसतील, आणि तेवढं तरी कोण पाहतं? कधी कधी तर पत्ता अगदी खराच असतो, कारण त्या पुरवठादाराचा मेलबॉक्सच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. आठवडेच्या आठवडे तो गुपचूप वाचत बसतो. कुठला माल कधी पोचला, कुठलं बिल कधी द्यायचं, पर्चेसचा माणूस कुणाला 'साहेब' म्हणतो आणि कुणाला 'शेठ', हे सगळं त्याला ठाऊक होतं, आणि पैसे द्यायच्या दिवशीच त्याचा मेल येतो.

यावर उपाय एकच आहे आणि तो फुकटचा आहे. बँक खातं बदलल्याचा निरोप कुठूनही येवो, मेलवर, व्हॉट्सॲपवर की लेटरहेडवर, आपल्या वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. मेलमध्ये छापलेल्या नंबरवर नाही. त्यांचा फोन आला म्हणूनही भागत नाही, कारण आवाजाची नक्कल आता मशीन करतं. आपण केलेला फोन, ओळखीचा माणूस, आणि मग वहीत तारीख टाकून नोंद. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पासून बँकांना द्यायला लावली आहे. ती वापर. पण नाव जुळलं म्हणून फोन टाळू नकोस, मिळत्याजुळत्या नावाचं खातं चोरालाही काढता येतं.

नेट बँकिंगमध्ये भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, असे दोन अधिकार बँकेकडून लिहून घे. छोट्या कारखान्यांत बहुतेक ठिकाणी हे दोन्ही अकाउंटंटकडेच असतात, वर मालकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवरून त्याला सांगितला जातो. हे आजच बंद कर. आपले अकाउंटंट अण्णा, त्यांच्यावर अविश्वास म्हणून मी हे सांगत नाही. उद्या काही आक्रीत घडलं तर पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवलं जाईल. दोन हातांचा नियम त्यांनाही वाचवतो. दिवसाच्या व्यवहाराची मर्यादा गरजेपुरतीच ठेव. आणि चालू खातं दुसऱ्या एखाद्या बँकेतही असू दे. जुलै २०२४ मध्ये छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला तेव्हा जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले होते. पगाराच्या तारखेला असं झालं तर काय करशील?

आता जे सांगतो ते कुठल्या कॉम्प्युटरवाल्याला दुरुस्त करता येणार नाही. आपल्याकडे साहेबांना उलट विचारायची पद्धत नाही, आणि चोर नेमका त्याचाच फायदा घेतो. तुझा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून अण्णांना व्हॉट्सॲप येतं, 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यावर लगेच चार लाख टाका, बिल नंतर देते.' अण्णा भिडस्त माणूस, त्यांना वाटतं, मॅडम चिडतील. म्हणून सगळ्यांना एकत्र बसवून तू स्वतः सांग, की पैसे पाठवायला मी व्हॉट्सॲपवर कधीच सांगणार नाही, आणि सांगितलंच तर मला फोन करून विचारल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही. मग असा फोन खरंच येईल, बहुधा तू घाईत असताना. तेव्हा वैतागू नकोस. एकदा जरी तू "एवढंही कळत नाही का?" म्हणालीस, तरी पुढच्या वेळी फोन येणार नाही.

कुणी चुकून लिंक दाबली, व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल फोनमध्ये उतरवली, तर त्यानं त्याच मिनिटाला येऊन सांगावं, असं वातावरण हवं. बोलणी बसतील या भीतीनं माणसं लपवतात, आणि लपवण्यात गेलेले दोन तास चोराला पुरतात. सांगणाऱ्याला रागावायचं नाही, हा नियम मी फायरवॉलच्याही वर ठेवीन. बँकेचे ओटीपी येतात तो फोन मात्र वेगळा ठेव. त्यात व्हॉट्सॲप नको, गेम नको, पोरांच्या हाती तो पडता कामा नये.

आता किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते मोज. कारखान्याच्या नव्हे, कागदावरच्या. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल कुणाचा आहे ते बघ. पुष्कळ ठिकाणी तो कर सल्लागाराचा असतो, कधी पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाचा. उद्यम नोंदणी, पीएफ, वेबसाइटचं नाव, सगळीकडे तीच कथा. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची झाली, पण ओटीपीच दुसऱ्याच्या फोनवर जात असेल तर तिचा उपयोग काय? आणि ते डिजिटल सहीचं टोकन! दाजींचं टोकन मी पाहिलं तेव्हा ते हिशेबाच्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूनं कायमचं खोचलेलं होतं, आणि पिन कालनिर्णयाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला. डिजिटल सही कायद्यानं हातच्या सहीइतकीच खरी आहे. तिच्यावर टेंडर भरता येतं, कंपनीचे संचालक बदलता येतात. तुझं टोकन तुझ्या कपाटात राहू दे. सीएंना लागलं तर समोर बसून वापरायचं आणि परत घ्यायचं.

पासवर्डबद्दल लांबण लावत नाही. कंपनीचं नाव आणि पुढे १२३ हा पासवर्ड नव्हे. प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांबलचक, आणि जमेल तिथे दुहेरी पडताळणी. सुरुवात मेलपासून कर, कारण बाकी सगळ्यांचे विसरलेले पासवर्ड मेलवरच येतात. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रं आपोआप कुठे पुढे पाठवली जात आहेत का, हेही बघ. चोर आत आला की बहुधा तिथे एक पत्ता टाकून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी वाचत राहतो. कुणी नोकरी सोडली की हिशेब चुकता करतानाच त्याचा मेल, टॅलीचा युजर, वायफाय आणि दाराचा अंगठा बंद झाला पाहिजे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला बनवणाऱ्या कंपनीनं घालून दिलेला पासवर्ड आजच बदल.

बॅकअपवर मात्र थांबून बोलणार आहे. "बॅकअप रोज घेतो, मामा," असं अण्णा सांगतात आणि ते खरं आहे. पण ज्या पेनड्राइव्हवर घेतात तो त्याच कॉम्प्युटरला चोवीस तास लावलेला असतो. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यातला हा प्रकार. रॅन्समवेअर आत आलं की जोडलेलं जे जे दिसेल ते सगळं कुलूपबंद करतं. सकाळी टॅली उघडावी तर कंपन्यांची यादी कोरी, फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट, आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी, इतके पैसे द्या. पेनड्राइव्हवरही तेच शेपूट.

जून २०१७ मधला नोटपेट्या हा घातक प्रोग्राम आठव. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीला असा भिडला की तिच्या समूहाचं आपल्या जेएनपीटीतलं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर कुणाचे, कुणाला काय अधिकार, याची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जगभरच्या प्रती पुसल्या गेल्या. वाचली एकच, घानाच्या कार्यालयातली, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती. तिच्यावरून त्यांनी सगळं पुन्हा उभं केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला वाचवलं ते तारेपासून तुटलेल्या एका प्रतीनं. आपण ती मुद्दाम तोडून ठेवायची.

म्हणून डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक कारखान्याबाहेर. दोन हार्ड डिस्क घे. एक या आठवड्यात, दुसरी पुढच्या. काम झालं की तार काढायची आणि एक नेहमी घरी राहील असं बघायचं. जोडीला क्लाउडवर एक प्रत, तिचा पासवर्ड हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेला नको. आपली प्रायव्हेट लिमिटेड आहे, तेव्हा इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं हा २०२२ पासून नियमच आहे. आणि नुसती टॅली नव्हे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं, सीएनसीचे प्रोग्राम, फिक्श्चरची मॉडेलं, तपासणीचे रिपोर्ट, मशिनच्या कंट्रोलरमधले पॅरामीटर, हे बॅकअपमध्ये घ्यायचं कुणाच्या लक्षात येत नाही. कंट्रोलरची बॅटरी संपून पॅरामीटर पुसले गेले की मशीन कसं मुकं उभं राहतं, ते दाजींना विचार.

घेतलेला बॅकअप परत उतरतो की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उतरवायचा, ट्रायल बॅलन्स काढायचा, चालू टॅलीशी जुळवायचा, चार-दोन ड्रॉइंगं उघडून बघायची. किती तास लागले ते लिहून ठेवायचं. हल्ला झालाच तर निदान तेवढे तास धंदा बंद राहील, हे गिऱ्हाइकाला सांगता येईल.

कॉम्प्युटरवाल्याला एक प्रश्न जरूर विचार. आपल्या राउटरवर बाहेरून कुठला पोर्ट उघडा आहे? घरून किंवा सीएंच्या ऑफिसातून टॅली दिसावी म्हणून ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉप चालू ठेवायची पद्धत भोसरीपासून साताऱ्यापर्यंत सगळीकडे आहे. रॅन्समवेअरवाल्यांचा तो आवडता रस्ता. तो बंद करून व्हीपीएन लावायला सांग. त्यानं सोयीसाठी टाकून ठेवलेलं एनीडेस्कही कायमच्या पासवर्डवर चालू नको.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यावर चालणाऱ्या कॉम्प्युटरांची यादी कर आणि बदलाचा खर्च बजेटमध्ये घाल. अपडेटचा निरोप आला की 'नंतर' दाबायची सवय महागात पडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं जग हादरवलं, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवला होता. जुन्या व्हीएमसीला जोडलेला एक्सपीचा कॉम्प्युटर बदलता येणार नाही, हे मला समजतं. मग त्याला इंटरनेट नको, मेल नको, त्याचं जाळं हिशेबाच्या जाळ्यापासून वेगळं. क्रॅक केलेलं कॅड सॉफ्टवेअर मात्र कारखान्यात दिसता कामा नये. फुकट देणारा त्यात काय घालून देतो, ते तुला कळणार नाही. आणि कामगारांची आधार, पॅन, बँक पासबुकं यांचे फोटो कुणाच्याही व्हॉट्सॲपवर फिरू देऊ नकोस. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि हलगर्जीपणाचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. दंड राहू दे, ती माणसं आपल्या विश्वासावर कागद देतात.

हे सगळं करूनही अघटित घडू शकतं, तेव्हा काय करायचं ते आजच कागदावर लिही. कॉम्प्युटर कुलूपबंद झाल्यावर त्यातली फोन नंबरांची फाइल उघडणार नाही, म्हणून कागदच हवा. पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला, दुसरा बँकेला. यूटीआर नंबर, खातं, रक्कम, वेळ हाताशी ठेवायची. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात, ते जिथे असतील तिथे गोठवण्यासाठी मिनिटं मोजावी लागतात. आधी सीएंना विचारू, उद्या पोलिसांत जाऊ, यात पैसे निघून जातात. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवायची. कॉम्प्युटर कुलूपबंद झाला असेल तर लॅनची तार उपटायची, वायफाय बंद करायचं, पडद्याचा फोटो काढायचा. फॉरमॅट कुणालाही मारू द्यायचं नाही, त्यानं पुरावाही जातो आणि डेटा परत मिळण्याची आशाही. काही जातींच्या रॅन्समवेअरची कुलूपं उघडणारी मोफत साधनं युरोपोल वगैरेंनी २०१६ साली सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात मिळतात, तिथे आधी शोधायला सांग. खंडणी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे देऊनही किल्ली मिळेलच असं नाही, आणि देणाऱ्याचं नाव पुढच्या टोळीच्या यादीत जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला सहा तासांच्या आत कळवणं एप्रिल २०२२ च्या आदेशानं बंधनकारक आहे, आणि त्यातून छोटे धंदे सुटलेले नाहीत. त्यांचा मोफत नंबर १८००-११-४९४९. हाही त्याच कागदावर लिही, आणि कागद अण्णांच्या टेबलासमोर चिकटव.

चोर सुट्टी बघून येतो, एवढं ध्यानात ठेव. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले ते ऑगस्ट २०१८ मध्ये, शनिवार ते सोमवारच्या दरम्यान, आणि एटीएममधून पैसे निघाले ते जगभरातून. आपली भोसरीची सुट्टी गुरुवारची. येत्या गुरुवारी मशिनं बंद असतील तेव्हा अण्णांना आणि कॉम्प्युटरवाल्याला बोलाव, घरची हार्ड डिस्क घेऊन जा, बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरव आणि ट्रायल बॅलन्स जुळतो का बघ. संध्याकाळी मला फोन कर, जुळला असेल तरी आणि नसेल तरी.